पिठाला पाणी लागले की

निर्गम १२:३४ वाचताना भगिनींनी आपली परात आठवावी. डभोईच्या घरांतून गव्हाची कणीक भिजवून झाकून ठेवतात. पाण्यानेच तिच्यातील प्रथिने एकमेकांस धरतात व चिवट जाळे बनते. म्हणून पोळी लाटताना फाटत नाही. बाजरीत ते जाळे नाही. गरम पाण्याने तिचे पिष्ट चिकट करून, मळून, लगेच थापावे लागते. नाहीतर रोटल्याला चिरा पडतात. (हे पुरुषांना क्वचितच ठाऊक असते!) कोरडे पीठ आंबत नाही, पाणी लागले की खमिराचे काम सुरू होते. म्हणूनच वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी पाणी घातल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजण्याचा यहूदी लोकांचा नियम आहे. इस्राएल लोकांनी काथवटीत बांधून नेलेली कणीकही भिजवलेलीच होती. फुगायला तिला वेळ मिळाला नाही.