लिंबूवर्गीय फळांचा मिश्र रस : तो कडू का होतो व कसा काढावा

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा कर, वाहतूक व उधारीची वसुली या विषयांवर आमच्याहून अधिकाराने लिहिणारे सभासद पुष्कळ आहेत, हे ध्यानात घेऊन आम्ही स्वयंपाकघरातील एक लहानसा विषय निवडला. विषय लहान खरा; परंतु त्यापायी आमच्या हातून एका गरीब विक्रेत्यावर अन्याय घडला, आणि तो नाहीसा करण्यासाठी आम्हांस थोडा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासाचे फळ सभासदबंधू व त्यांच्या घरच्या भगिनी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

आमचे बिऱ्हाड राखोलीस, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दमणगंगेपासून जवळच. फाल्गुन सरता सरता येथे ऊन तापू लागते. वापीहून वा सिल्वासाहून येणारे पाहुणे दुपारी घामाघूम होऊन पोहोचतात. त्यांतील अनेकांचा चोविहार असतो. सबब खाणेपिणे सूर्यास्तापूर्वी आटोपावे लागते. चहा न घेणारेही बरेच. अशा वेळी ताज्या फळांचा रस हा सर्वांना चालणारा पाहुणचार होय.

दोन वर्षांपूर्वी असेच पाहुणे चार वाजता यावयाचे होते. ऐनवेळी धांदल नको म्हणून घरात सकाळी नऊ वाजताच दोन डझन मोसंबी, काही संत्री व लिंबे यांचा रस मिक्सरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवण्यात आला. सकाळी चाखला तेव्हा तो उत्तम होता. चार वाजता पेले भरले, आणि पहिल्याच घोटास आमच्या ध्यानात आले की रस कडू झाला आहे, काढ्यासारखा. पाहुणे सभ्य, त्यांनी निमूटपणे पेले रिकामे केले. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्याच्या हातगाडीवरून फळे घेतली होती त्याला गाठून चार माणसांदेखत सुनावले. त्याने त्याच ढिगातील एक मोसंबे आमच्यासमोर कापून दिले. ते गोड निघाले. आम्ही म्हणालो, हे एक चांगले असेल. त्याने वाद न घालता पैसे परत केले, आणि आम्ही ते घेतले.

पुढे काही दिवसांनी तोच प्रकार दुसऱ्या दुकानच्या फळांबाबतही घडला. तेव्हा मात्र दोष मालाचा की आमचा, हा प्रश्न आम्हांस पडला.

उत्तर असे आहे. मोसंबे, संत्रे, लिंबू या वर्गातील फळांच्या बियांत, तसेच साल व फोड यांमधील पांढऱ्या भागात व पापुद्र्यांत एक द्रव्य असते. फळ अखंड असेतो ते बेचव असते. म्हणून फोड खाल्ली तर कडवटपणा मुळीच जाणवत नाही. फळ चिरडले की पेशी फुटतात, ते द्रव्य आंबट रसात उतरते आणि आम्लाच्या संगतीत हळूहळू त्याचे रूपांतर होऊन लिमोनिन नावाचा अतिकडू पदार्थ बनतो. या क्रियेस वेळ लागतो. त्यामुळे रस काढताक्षणी गोड लागतो व काही वेळाने कडू. शास्त्रज्ञ यास 'विलंबित कडवटपणा' म्हणतात. एका लिटर रसात सुमारे सहा मिलिग्रॅम लिमोनिन असले तरी माणसाच्या जिभेस ते कळते, असे मानले जाते. आपल्या व्यापारी हिशेबाने सांगावयाचे तर एक तोळा लिमोनिन जवळजवळ दोन हजार लिटर रस कडू करण्यास पुरेल! रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांनाही या कडवटपणाने सतावले आहे. घरच्या फ्रिजने क्रिया मंदावते, थांबत नाही. आणि एकदा आलेला कडवटपणा साखर घालूनही जात नाही, केवळ झाकला जातो.

हे कळल्यावर आम्ही घरी एक साधा प्रयोग केला. एकाच ढिगातील मोसंब्यांचा रस दोन तऱ्हांनी काढला : एक बियांसकट मिक्सरमध्ये फिरवून, दुसरा आडवे काप करून, बिया टोकून, हलक्या हाताने पिळून व लगेच गाळून. काढताक्षणी दोहोंत फारसे अंतर नव्हते. तासाभराने पहिला कडवट लागू लागला. दुपारपर्यंत तो पिववेना. दुसरा दुपारीही पिण्याजोगा राहिला, मात्र सकाळची गोडी त्यातही उरली नव्हती. मग आम्ही त्या गाडीवाल्याकडे गेलो, घेतलेले पैसे परत दिले व चूक आमची होती असे, पूर्वी सुनावले तेवढ्याच मोठ्या आवाजात, सांगितले. त्याने पैसे गल्ल्यात टाकले आणि काही न बोलता आमच्यासाठी मोसंबी निवडू लागला.

आता फळांविषयी. मिश्र रसात प्रत्येक फळाचे काम निराळे असते. मोसंबे गोडी व भरपूर पाणी देते, संत्रे रंग व सुगंध देते, आणि कागदी लिंबू त्या गोडीला धार आणते. महाराष्ट्रातील जालन्याच्या मोसंबीस 2016 साली व नागपुरी संत्र्यास 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्यापैकी फळबाजाराशी संबंध असणाऱ्यांना ठाऊक असेलच. मोसंबे हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले असे सांगतात. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत आपला हा प्रदेश आणि मोझांबिक दोन्ही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते, ही गोष्ट मोसंबे सोलताना आम्हांस नेहमी आठवते.

संत्री-मोसंबीचे मुख्य बहार दोन. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळ साधारणतः पावसाळा संपता संपता तयार होऊ लागते. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात व फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. फळ जसजसे पक्व होते तसतसे त्यातील कडू होऊ शकणारे द्रव्य कमी होत जाते. म्हणून हंगामाच्या आरंभी घाईने तोडलेल्या फळाचा रस सर्वांत लवकर कडू होतो. रंगावर विसंबू नये. आपल्या उष्ण हवेत पुरते पिकलेले मोसंबेही हिरवट राहते. फळ हातात घेऊन आकाराच्या मानाने जड लागते का, हे पाहावे. लिंबू पातळ सालीचे, पिवळट व किंचित दबणारे घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली 'साई सरबती' ही जात रसाला चांगली. उन्हाळ्यात लिंबू महागते, कारण त्या दिवसांत येणारा हस्त बहार धरणे बागायतदारास अवघड जाते; तेव्हा भावाची घासाघीस जरा बेतानेच करावी.

चार लहान पेल्यांसाठी आमच्या घरचे प्रमाण सहा मोसंबी, तीन संत्री व एक कागदी लिंबू असे आहे. संत्री फार आंबट असतील तर लिंबू अर्धेच पुरते.

आपल्यापैकी अनेक घरी बर्फ वर्ज्य आहे. रस थंड हवा म्हणून तो आधी काढून ठेवण्याचा मोह येथूनच उत्पन्न होतो. त्यावर तोड सोपी आहे : रस थंड न करता फळे थंड करावी. धुऊन पुसलेली फळे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी, अथवा चालत असेल तर फ्रिजमध्ये, सकाळीच ठेवावी. पाहुणे पायरीवर आले की काम हाती घ्यावे. दोघी हातांसरशी लागल्या तर चार पेल्यांस दहा मिनिटे पुष्कळ होतात. मोसंबे तळहाताखाली पाटावर दाबून फिरवावे, मधोमध आडवे कापावे, सुरीच्या टोकाने बिया काढाव्या व काचेच्या वा स्टीलच्या रस काढण्याच्या भांड्यावर फिरवावे. पांढरा भाग खरवडून शेवटचा थेंब काढण्याचा हव्यास धरू नये. त्या थेंबापायी सगळा पेला बिघडतो. काटकसर हा आपला गुण असला तरी येथे ती आतबट्ट्याची ठरते. सालीसकट जोराने दाबणाऱ्या यंत्रात सालीतील तेलही रसात उतरते व जीभ चुरचुरते. संत्रे सोलून, दोरे व बिया काढून, फोडी हाताने कुस्करून गाळाव्या; मिक्सर वापरणे झालेच तर क्षणभर फिरवून थांबावे. गाळण्यास विलंब करू नये, कारण चोथा रसात राहील तितका कडूपणा त्यात उतरत जातो. लिंबू सर्वांत शेवटी पिळावे. वरून चिमूटभर सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. आले वर्ज्य असणाऱ्या घरी सुंठ चालते. साखर आम्ही घालीत नाही.

भांड्याबद्दल आपल्या आज्या जे सांगत ते खरेच आहे. कल्हई उडालेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात आंबट रस कदापि ठेवू नये. आम्लाने धातू रसात उतरतो. काच, चिनीमाती वा स्टील यांचाच उपयोग करावा.

रस तासभर राहिला की त्यातले जीवनसत्त्व उडून जाते, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. यात अतिशयोक्ती आहे. झाकून थंड ठेवलेल्या रसातील 'क' जीवनसत्त्व काही तासांत फारसे घटत नाही. बिघडते ती चव. मात्र रस गाळताना चोथा मागे राहतो व साखर पेल्यात येते, ही गोष्ट मधुमेह असणाऱ्या सभासदांनी ध्यानात ठेवावी. दोनशे मिलिलिटर रसात वरून साखर न घालताही सुमारे चार लहान चमचे साखर असते. त्यांनी दोन-चार फोडी खाव्या हे बरे.

एक इशारा त्याहून महत्त्वाचा आहे. काही घरी मिश्र रसात पपनस घालतात. गुलाबी गराचे पपनस दिसावयास फार सुंदर. पपनस व त्याचे भावंड ग्रेपफ्रूट यांत अशी द्रव्ये असतात की ती आतड्यातील औषध मोडणाऱ्या एका पाचकद्रव्यास निकामी करतात. परिणामी नेहमीच्याच गोळीचा अंमल शरीरावर कितीतरी पटीने वाढू शकतो. हा शोध अपघाताने लागला. कॅनडात रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे पाहत असता, मद्याची चव लपविण्यासाठी डेव्हिड बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. ते संशोधन 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. 1991 मध्ये खास या रसाचीच परीक्षा झाली, तेव्हा दोष ग्रेपफ्रूटचा ठरला, साध्या संत्र्याच्या रसाने तसे झाले नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन अशी औषधे यांबाबत ही सावधगिरी लागते. गोळी सकाळी व रस सायंकाळी, अशी तडजोडही उपयोगी नाही, कारण तो परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो. सर्वच गोळ्यांना हे लागू नाही. आपली गोळी कोणती, हे वैद्यकीय सल्लागारास विचारावे व स्वतःहून औषध बंद करू नये. पाहुण्यांपैकी कोण काय औषध घेतो हे यजमानास ठाऊक नसते. म्हणून पाहुण्यांच्या पेल्यात आम्ही पपनस मुळीच घालीत नाही, आणि रस देताना त्यात कोणती फळे आहेत ते आवर्जून सांगतो. मागील खेपेस एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी पेला हाती घेऊन हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकल्यावरच तो ओठांस लावला.

उरल्या साली. संत्र्याची साल सावलीत कडक वाळवून कुटली की दिवाळीच्या उटण्यास येते. मोसंब्याची साल आम्ही परसातल्या खड्ड्यात टाकतो. तिचा याहून बरा उपयोग कोणा भगिनीस ठाऊक असल्यास अवश्य कळवावा.