सीमारेषेमागील विचार

कोणतीही योजना आखताना तिच्यात काय धरावयाचे व काय बाहेर ठेवावयाचे, हे प्रथम ठरते. एकदा रेघ आखली की मोजणी, नोंद व खर्च आतल्या बाबींचा होतो. बाहेर राहिलेले हिशेबात येत नाही. प्रणालीविचारात यास ‘सीमानिर्णय’ म्हणतात.

तात्त्विक पाया

बुद्धी नेहमी समग्राचा शोध घेते, परंतु समग्राचे ज्ञान मानवी अनुभवाच्या आवाक्यात येत नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी प्रतिपादन केले. हा विचार अमेरिकन विचारवंत सी. वेस्ट चर्चमन यांनी नियोजनास लावला, आणि वेर्नर उलरिख यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात पुढे नेला. सीमा टाळता येत नाही. म्हणूनच ती निसर्गदत्त मानू नये. ती कोणाच्या हितासाठी, कोणाच्या अधिकाराने व कोणाच्या ज्ञानावर आखली? तिचे परिणाम भोगणाऱ्यांची बाजू कोणी मांडली? प्रत्येक ठिकाणी ‘काय आहे’ याबरोबर ‘काय असावे’ हेही विचारावयाचे असते.

आदिलाबादचा अनुभव

हैदराबाद संस्थानच्या काळात आदिलाबादच्या डोंगराळ भागात राखीव वनांची हद्द आखण्यात आली. हलक्या जमिनीवर गोंड व कोलाम शेतकरी काही वर्षे पीक घेऊन शेत पडीक ठेवीत व कस भरून आल्यावर ते पुन्हा वहितीखाली आणीत. अशा पडीक शेतांत झुडपे वाढलेली दिसली आणि त्यांपैकी पुष्कळशी शेते वनहद्दीत गेली. वनरक्षणाचा हेतू खोटा नव्हता. तथापि त्या दिवशी डोळ्यांना दिसले तेवढेच ज्ञान ठरले. कसणाऱ्याची आठवण रेघेबाहेर राहिली. सीमा जशी भूमीवर पडली, तशी ती काळावरही पडली.

जमिनीच्या याच प्रश्नावरून जोडेघाट येथे कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली संघर्ष झाला व १९४० मध्ये त्यांना प्राण गमवावे लागले. हे स्थळ आज कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंडांमध्ये राहून त्यांच्या गाऱ्हाण्यांचा अभ्यास केला. पुढे अनेक कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंडी भाषेतून शिक्षक-प्रशिक्षण सुरू झाले. बाहेर ठेवलेले ज्ञान आत घेताच निर्णय बदलू शकतो, हे यावरून दिसते.

आजचा बोध

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. नियमांनी वृद्धांचे लेखी जबाब तसेच विहिरी, दफनभूमी व देवस्थाने यांसारख्या खुणाही पुरावा म्हणून मान्य केल्या आहेत. ग्रामस्थांनी अशा खुणा व आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात. शिक्षकांनी त्या कामी साहाय्य करावे. आणि अधिकाऱ्यांनी नकाशावर सही करण्यापूर्वी रेघेबाहेर कोण राहिले, हे शिवारात जाऊन पाहावे. रेघ आखावीच लागते. परंतु ती कोणी व का आखली हे सांगता आले, तर चूक आढळताच ती दुरुस्तही करता येते.