शेतातील लाकडापासून विजेसाठी वायू

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील काही शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात धान्याच्या जमिनीत विलोची लागवड केली. आपल्याकडे ओढ्याकाठी आढळणाऱ्या वाळुंजाचाच हा भाऊबंद. हेक्टरी सुमारे १५,००० कांड्या लावतात. पहिल्या हिवाळ्यात त्या जमिनीलगत छाटल्या की बुंध्याला अनेक फुटवे येतात व पुढे साधारणतः दर तीन वर्षांनी तोड मिळते. एकदा लावलेला बुंधा वीस वर्षांच्या आसपास टिकतो. हे लाकूड एगबरो येथील ‘आर्बर’ या नियोजित विद्युत प्रकल्पासाठी होते व त्याकरिता हजाराहून अधिक हेक्टर जमीन या पिकाखाली आणण्यात आली.

लाकूड सरळ बाष्पकाखाली जाळूनही वीज होते. परंतु लहान केंद्रात इंधनातील बरीच उष्णता वाया जाते. लाकडाचा प्रथम वायू केला, त्यावर गॅस टर्बाइन चालविले आणि उरलेल्या उष्णतेवर वाफेचे टर्बाइन फिरविले, तर तेवढ्याच लाकडातून अधिक वीज मिळते. यासाठी ‘फ्लुइडाइज्ड बेड’ म्हणजे तरल थराची भट्टी वापरतात. भट्टीतील वाळूच्या थरातून खालून जोराने हवा सोडली की वाळू आधणासारखी उकळू लागते. सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तापलेल्या या वाळूत लाकडाचे तुकडे पडताच क्षणात तापतात. हवा मुद्दाम अपुरी दिलेली असल्याने ते पूर्ण जळत नाहीत. त्यांपासून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व थोडा मिथेन असलेला वायू निघतो. थरात सर्वत्र सारखी उष्णता राहते, हा या भट्टीचा मोठा गुण.

अडचणी मात्र इंधनाच्या अंगच्याच आहेत. ताज्या तोडीच्या विलोत निम्मे पाणी असते. ते आधी वाळवावे लागते. वायूबरोबर डांबर निघते व थंड होताच नळ्यांत चिकटून बसते. गवत व पेंढा यांच्या राखेत पोटॅशियम विपुल असल्याने ती कमी तापमानाला वितळते, वाळूचे कण एकमेकांस चिकटतात आणि उकळता थर गोठून जातो. म्हणून शेतात जोमाने वाढणारे प्रत्येक पीक भट्टीला मानवेलच असे नाही.

स्वीडनमधील वार्नामो येथे १९९३ मध्ये उभारलेल्या प्रायोगिक केंद्राने या अडचणींवर बरीच मात केली. विलो व पेंढा यांचेही तेथे प्रयोग झाले. सहा मेगावॅट विजेबरोबर गावाला उष्णताही देणारे हे केंद्र वायूनिर्मितीचे सुमारे साडेआठ हजार तास चालले. यंत्र चालते हे सिद्ध झाले. परवडते हे झाले नाही. प्रयोग १९९९ मध्ये थांबविण्यात आले.

एगबरोची भट्टीही तरल थराचीच होती व डांबर फोडण्यासाठी डोलोमाइटचा दुसरा टप्पा होता. सुमारे ८ मेगावॅट वीज अपेक्षित होती. पण चाचण्यांतील अडचणी पुरत्या निस्तरण्यापूर्वीच २००२ मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली. कारखाना बंद पडला तरी शेतातील फुटवे वाढतच होते. गहू एका हंगामात बदलता येतो. विलोचे बुंधे उपटून जमीन पुन्हा नांगराखाली आणणे खर्चाचे काम. करार एकाच गिऱ्हाइकाशी होता आणि मालाला दुसरी बाजारपेठ जवळपास नव्हती. पुढे यातील काही लाकूड शेजारच्या ड्रॅक्स येथील, त्या वेळी कोळशावर चालणाऱ्या केंद्रात कोळशाबरोबर जाळण्यात आले.