हरण्याची तयारी

चि. मैत्रेयीस,

लोकशाही हा नुसता देखावा आहे, तो मोडल्याशिवाय न्याय मिळणार नाही, असं तू लिहिलं आहेस. अन्यायाची ही चीड खरी आहे, ती जप. पण एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन पक्ष हीच भाषा बोलू लागतात, तेव्हा थांबून विचार करायला हवा. जर्मनीत नाझी आणि कम्युनिस्ट रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडत होते. तरी ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियाची विधानसभा बरखास्त करण्याच्या सार्वमतात दोघे एकाच बाजूला उभे राहिले. जुलै १९३२ मध्ये संसदेच्या ६०८ जागांपैकी नाझींना २३० आणि कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या. म्हणजे संसदीय लोकशाहीच नको म्हणणाऱ्यांचं संसदेत बहुमत झालं.

या वैऱ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती. लोकांचं हित कशात आहे हे आपल्याला आधीच कळलंय, ही दोघांची खात्री. एकाला ते वंशात दिसलं, दुसऱ्याला वर्गात. अशी खात्री असली की मत मागणं वेळकाढूपणा वाटतो आणि विरोधी कौल म्हणजे फसवणूक. रशियाच्या संविधान सभेत बोल्शेविकांना जेमतेम पाव मतं मिळाली, तेव्हा लेनिनने सोव्हिएत, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदा, हे लोकशाहीचं अधिक वरचं रूप असल्याचं सांगितलं आणि जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एका बैठकीनंतर बंद पाडली. लोकशाही मुळात मागते ती एवढीच कबुली, की माझं चुकत असेल, आणि विरोधकालाही उद्या सत्तेवर येण्याचा हक्क आहे. अतिरेक्याला नेमकी हीच कबुली देववत नाही.

तू म्हणशील, हिटलरही मतपेटीतूनच आला. पण मुक्त निवडणुकीत त्याला कधीच बहुमत मिळालं नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये तर त्याच्या जागा १९६ वर घसरल्या होत्या. जानेवारी १९३३ मध्ये त्याला चॅन्सेलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी. मार्चमध्ये त्याला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मतं पडली, ती सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्टांनी ज्यांना ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवलं होतं, तेच हे लोक. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा झाले होते.

तुझा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नुसत्या मताने विषमता जात नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं. राजकारणात समता आणि समाजात विषमता फार काळ चालू राहिली, तर तिचे चटके सोसणारे हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असं ते म्हणाले. पण त्याच भाषणात त्यांनी रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडायला सांगितलं आणि व्यक्तिपूजेविरुद्धही इशारा दिला. अन्याय ज्यांनी सर्वाधिक सोसला, त्यांनीच सनदशीर मार्गाचा आग्रह धरला, हे विसरू नकोस. या मार्गात झालेली चूक दुरुस्त करता येते. लोकांचं तोंडच बंद केलं, तर चूक सांगणारंही कोणी उरत नाही.

म्हणून मागणी किती मोठी, यावरून कोणाला अतिरेकी ठरवू नकोस. जातिअंताची मागणी प्रचंड मोठी आहे आणि ती न्याय्यच आहे. तू मोठ्या मागण्या कर, त्यासाठी झगड. फक्त कोणत्याही झेंड्याखाली जाण्याआधी त्या नेत्यांना विचार: लोकांनी उद्या तुम्हाला नाकारलं, तर तुम्ही खुर्ची सोडाल का? या प्रश्नावर जे चिडतील, त्यांच्या हाती तुझी चीड सोपवू नकोस.

तुझा,
मामा