गाव करी ते राव काय करी

परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी विचारले, "सेवाभावी संस्था म्हणजे काय?" कोणी म्हणाले, पैसे वाटणारी. कोणी म्हणाले, ब्लँकेट वाटणारी. गुरुजी म्हणाले, "माहिती गोळा करा आणि लिहा." म्हणून हा लेख लिहिला आहे.

सेवाभावी संस्था म्हणजे काय?
काही माणसे एकत्र येतात आणि स्वतःचा फायदा न बघता लोकांसाठी काम करतात. अशा संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. तिला हिशोब ठेवावा लागतो. पगार न घेता मनापासून काम करणाऱ्याला स्वयंसेवक म्हणतात. गावातले तरुण मंडळ श्रमदान करते, तेव्हा ती मुलेही स्वयंसेवकच.

सरकार आहे, मग संस्था कशाला?
याचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला मोठा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. लोक दमून गाढ झोपले होते. घरे दगडमातीची, भिंती जाड आणि वर मातीचे जड माळवद. सगळे अंगावर आले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आमची आजी सांगते, "आपल्याकडं बी भांडी खणखणली होती. लई भ्या वाटलं."

आता बघा, मदत कशी आली. सगळ्यांत आधी शेजारच्या गावांतली माणसे धावली. त्यांनी हातांनी दगड उचलले. मग सैन्य, सरकारी माणसे, डॉक्टर आणि कॉलेजची मुले आली. संस्थाही आल्या. सरकारकडे पैसा आणि गाड्या असतात. पण शेजारी लवकर पोचतो, आणि संस्था पुष्कळ दिवस बरोबर राहते. तिन्ही लागतात.

दोन कामे लक्षात ठेवण्यासारखी
(१) मुलांचे शिक्षण : भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. तिथे त्यांची राहण्याची आणि शाळेची सोय केली. त्यांतली कितीतरी आपल्याएवढीच असतील. जेवण एका दिवसाला पुरते, कपडे वर्षभर पुरतात, पण शिक्षण जन्मभर पुरते.

(२) बायकांचे काम : पडझड झालेली घरे दुरुस्त करायला सरकारने पैसे दिले. पण घर पक्के कसे करायचे, हे प्रत्येक घरात कोण सांगणार? त्यासाठी गावांतल्याच बायकांना 'संवाद सहायक' नेमले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. ज्या बायका आधी चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या बांधकामावर लक्ष ठेवायला लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूकंप झाला. तेव्हा आपल्या भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना धीर दिला. ज्यांना मदत मिळाली होती, त्याच मदत करायला गेल्या. मला हे सगळ्यांत जास्त आवडले.

आपल्या जवळचे उदाहरण
नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे. तिथल्या लंगरमध्ये जात, धर्म न विचारता सगळ्यांना एका पंगतीत जेवू घालतात. पोळ्या लाटणे, वाढणे, भांडी घासणे ही सेवा भाविक स्वतः करतात. संत गाडगे महाराजांनीही आधी हातात खराटा घेतला आणि मग लोकांना स्वच्छता सांगितली. यावरून कळते की मदतीला पैसाच लागतो असे नाही. हात पण चालतात.

आपल्या गावाने काय करावे?
२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, परभणी आणि नांदेड भागात भूकंपाचे धक्के बसले. आपल्या गावात अजून दगडमातीची घरे आहेत. माळवदावर दरसाल माती टाकतात, त्याने ओझे वाढते. म्हणून पालकांना आमची विनंती :

१. तरुण मंडळाने तडा गेलेल्या भिंतींची यादी करून ग्रामपंचायतीला द्यावी.
२. तडा गेलेल्या भिंतीखाली कोणाला झोपू देऊ नये. माळवदावरची जास्तीची माती काढावी.
३. एकटे राहणारे आजी-आजोबा कुठे राहतात, ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असावे.
४. मदत देताना आधी विचारावे, "तुम्हाला काय पाहिजे?" फाटके कपडे देऊ नयेत.
५. वर्गणी गोळा केली तर हिशोब फळ्यावर लिहावा. मग लोक पुढच्या वेळी आनंदाने देतात.

आम्ही चौथीची मुले यादी लिहायला मदत करू. आमचे अक्षर चांगले आहे.

सांगा पाहू :
(अ) किल्लारीला घरे का पडली?
(आ) भूकंपानंतर सगळ्यांत आधी मदतीला कोण पोचले?
(इ) तुमच्या गल्लीत एकटे कोण राहते? आज घरी जाताना त्यांची विचारपूस करा.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. मुदखेड, जि. नांदेड