एका वीजबिलाचा तपास

२०२३ सालच्या ऑगस्टमधली ही गोष्ट आहे. अकरावीच्या वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, "सर, विजेचे मीटर चुकीचे पळते आहे हे कसे ओळखायचे?" प्रश्न पुस्तकातला नव्हता, म्हणून मी त्याला बसवून घेतले. तेव्हा कळले की, त्याच्या घरी दरमहा आठशे रुपयांच्या आसपास येणारे बिल या वेळी अडीच हजारांवर गेले होते. घराच्या मागच्या बाजूस एक भाडेकरू कुटुंब राहते. त्यांचे मीटर वेगळे आहे. पण त्यांनीच आपल्या तारेला तार जोडली असावी, असे मुलाच्या वडिलांनी मनाशी ठरवून टाकले होते, आणि महिनाअखेर खोली रिकामी करण्याविषयी बोलणेही झाले होते. भाडेकरूंचा मुलगा याचा वर्गमित्र. त्यामुळे प्रश्न नुसता पैशांचा राहिला नव्हता.

मी त्याला बिल आणायला सांगितले. तुम्हीही आपल्या घरचे बिल समोर घेऊन बसा, म्हणजे पुढचे नीट ध्यानात येईल.

बिलात पहिल्यांदा रुपये पाहू नयेत. पाहायचे ते तीन आकडे: मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्या दोहोंमधले दिवस. मीटर घरात कुलूपबंद असले किंवा वाचता आले नाही, तर सरासरीने बिल पाठवतात, आणि पुढे खरे रीडिंग मिळाले की राहिलेले युनिट एकदम अंगावर येतात. "बिल फार आले" या तक्रारींपैकी पुष्कळशा येथेच मिटतात. या बिलात मागील रीडिंग ८१६९ होते, चालू ८४३१, आणि दिवस ३२. म्हणजे २६२ युनिट. मुलाने घरी जाऊन मीटर पाहिले, तर रीडिंग घेतल्यापासून चार दिवसांत ते ८४६४ वर पोचले होते. चार दिवसांत ३३ युनिट, म्हणजे दिवसाला सव्वाआठ. २६२ ला ३२ ने भागले तरी साधारण तेवढेच येतात. तेव्हा वाचणाऱ्याची चूक नव्हती, आणि जे काही चालले होते ते अजून थांबलेलेही नव्हते.

आदल्या महिन्याचे युनिट होते ११८. युनिट सव्वादोन पट झाले, मग रुपये तिपटीहून अधिक का? कारण घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांना एक दर लागतो आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच चढा. हे दर विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. म्हणून हिशेबापुरते ६ रुपये आणि १२ रुपये धरू. ११८ युनिटांचे ६०० अधिक २१६, म्हणजे ८१६ रुपये. २६२ युनिटांचे ६०० अधिक १९४४, म्हणजे २५४४ रुपये. स्थिर आकार, वीज शुल्क वगैरे निराळेच. शंभराच्या पलीकडचा प्रत्येक जादा युनिट दुप्पट दराने पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि मग मीटरला दोष दिला जातो.

आता भौतिकीकडे वळू. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होतो. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तेव्हा एक युनिट म्हणजे १००० गुणिले ३६००, अर्थात ३६ लाख ज्यूल ऊर्जा. एवढे माहीत असले की घरातल्या प्रत्येक उपकरणाचा जमाखर्च मांडता येतो. मी मुलाला तेच करायला लावले. त्याने आणलेला तक्ता असा: ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, १८० वॅट-तास. ७५ वॅटचे तीन पंखे सरासरी आठ तास, १८००. टीव्ही ६० वॅटचा, चार तास, २४०. विहिरीवरचा पंप अर्धा तास, ५००. इस्त्री आणि मिक्सर मिळून १३०. फ्रिजपाशी तो अडला. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, म्हणून वॅट गुणिले चोवीस तास असा हिशेब चुकतो; त्याचे दिवसाचे १२०० धरले. एकूण ४०५० वॅट-तास, म्हणजे दिवसाला चार युनिटांहून किंचित अधिक. तीस दिवसांचे १२१ होतात. जूनचे बिल ११८ चे होते! अशा घरगुती अंदाजात इतका मेळ बसला तर आनंद मानावा.

पण ३२ दिवसांचे याच हिशेबाने १३० युनिट व्हायला हवेत. बिल २६२ चे. मधले १३२ युनिट गेले कुठे? दिवसाला ४.१२५ युनिट, त्यांना चोवीस तासांनी भागले की १७२ वॅट येतात. कोणीतरी घरात पावणेदोनशे वॅटचा दिवा लावून दिवसरात्र विसरून गेले आहे, असे समजा. आता आम्हांला शोधायचा होता हा विसरलेला दिवा.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पाऊस होताच. वडिलांनी चहा दिला, पण त्यांचा चेहरा काही बरा नव्हता. आजी मात्र उत्साहाने खुर्ची ओढून मीटरसमोर बसल्या.

पूर्वीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे आणि तिच्यावरची लाल खूण मोजून शक्ती काढता येई. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकतो. तो मोजला की तेच काम होते. मीटरच्या पाटीवर किलोवॉट-तासाला किती ठिपके ते इंग्रजीत लिहिलेले असते. या मीटरवर ३२०० होते. तेव्हा एक ठिपका म्हणजे ३६ लाख भागिले ३२००, बरोबर ११२५ ज्यूल. आता तुमच्या हातात घड्याळ असले की पुरे. (मीटरला हात लावायचा नाही, त्याचे सील तर मुळीच नाही. आपल्याला फक्त पाहायचे आहे.)

प्रथम मेन स्विच बंद केला. दिवा लुकलुकायचा थांबला. म्हणजे मीटर रिकामे पळत नव्हते. मग मेन स्विच चालू ठेवून घरातली एकूण एक बटणे बंद केली, फ्रिजचीसुद्धा पिन काढली. दिवा लुकलुकतच होता! मुलाने पाच मिनिटे मोजले: ४९ ठिपके. ४९ गुणिले ११२५ भागिले ३०० सेकंद, म्हणजे १८४ वॅट. कागदावर १७२ आले होते, मीटरसमोर १८४ आले. मुलगा इतका खूश झाला की, घरात काहीतरी बिघडले आहे याचाच त्याला क्षणभर विसर पडला.

"पण मीटरच दीडपट मोजत असेल तर?" वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी ७५० वॅटची इस्त्री लावायला सांगितली आणि ती तापून आपोआप बंद होण्याआधी एक मिनिट मोजले. ४८ ठिपके आले. त्यांतले सुमारे दहा आधीचेच, तेव्हा इस्त्रीचे ३८. म्हणजे ७१२ वॅट. मग ३८ वॅट कमी का? इस्त्रीवरचे ७५० वॅट २३० व्होल्टसाठी असतात. मी सोबत नेलेल्या मीटरने दाब मोजला (हे काम तुम्ही करायचे नाही), तो २२४ व्होल्ट भरला. रोध तोच असता शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २२४ ला २३० ने भागून वर्ग करा आणि ७५० ने गुणा. ७११ येतात. मीटर निर्दोष ठरले.

यानंतर भाडेकरू. ते स्वतःच पुढे आले, आपला मेन स्विच त्यांनी बंद केला आणि दारात येऊन उभे राहिले. आमचा दिवा तसाच, त्याच लयीत लुकलुकत राहिला. कोणी काही बोलले नाही. वडील मीटरकडेच पाहत होते.

मग घरातले एमसीबी एकेक करून पाडले. पुढच्या खोल्यांचा पाडला, फरक नाही. स्वयंपाकघराचा पाडला, नाही. मागील दाराचा पाडला आणि दिवा थांबला. त्या तारेवर एक पडवीतला दिवा आणि परसातला पंप, एवढेच. दोन्हींची बटणे तर बंद होती! येथे थोडा विचार करा. बटण बंद असले तरी बटणापर्यंतच्या तारेत दाब असतोच. तेव्हा वीज जात होती ती बटणाच्या अलीकडे. घरापासून पंपाच्या खोक्यापर्यंतची तार जमिनीखालून, प्लॅस्टिकच्या नळीतून गेलेली होती. आणि तिला मध्ये कुठेतरी जोड दिल्याचे वडिलांना अंधुक आठवत होते.

जोडाची पट्टी कुजून उघडी पडलेली तार ओल्या मातीला टेकली की मातीतून प्रवाह वाहू लागतो. तो जातो कोठे? रोहित्राचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, तेव्हा माती ही त्याची परतीची वाट. १८४ वॅट भागिले २२४ व्होल्ट म्हणजे ०.८२ ॲम्पिअर, त्या मातीचा रोध २७३ ओहम. हा प्रवाह मीटरमधून जातो, म्हणून त्याची नोंद होते. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला मात्र त्याचे काहीच वाटत नाही. अर्धा-पाऊण पंखा चालावा तसे त्याला ते किरकोळ. नाही, चुकलो. १८४ वॅट म्हणजे जवळजवळ अडीच पंखे. तरीही त्याच्या दृष्टीने किरकोळच. जून महिन्यात माती कोरडी होती, जुलैत पाऊस लागला आणि गळती वाढली.

हे मी समजावून सांगत असताना आजी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पायाला मुंग्या येतात त्या याच्या की काय?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. आजी रोज सकाळी विहिरीजवळच्या दगडावर धुणे धुतात. पंधरा-वीस दिवसांपासून पंपाच्या लोखंडी नळीला हात लागला की पावलांत झिणझिण्या येत. घरी सांगितले तेव्हा वय झाले, वात असेल, असे म्हणून तेल चोळायला दिले होते.

मित्रांनो, आजींचे निरीक्षण आमच्या सगळ्या ठिपक्यांहून मोलाचे होते. प्रवाह मातीत शिरला की अर्धगोलासारखा चहूकडे पसरतो आणि जसजसे दूर जावे तसतसा जमिनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. उघडा भाग तीनेक सेंटिमीटरचा धरला, तर तिथले २२४ व्होल्ट ३० सेंटिमीटरवर २२ होतात आणि एक मीटरवर जेमतेम ७. पंपाची नळी दूर विहिरीच्या पाण्यात बुडालेली, तिचा दाब जवळजवळ शून्य. ओले पाय जोडाजवळ आणि हात नळीला, म्हणजे आजींच्या अंगावर वीसेक व्होल्ट. झिणझिण्या येण्याइतके, त्याहून अधिक नाही. पण पावसाने दगडाजवळची माती आणखी वाहून जाऊन तार उघडी पडली असती, तर हेच गणित निराळे झाले असते. तेव्हा ते मी आजींसमोर मांडले नाही.

मागील दाराचा एमसीबी पाडलेलाच ठेवला आणि परवानाधारक वायरमनला बोलावले. दगडापासून दीड वीत अंतरावर, हातभर खोल, तडकलेल्या नळीत तो जोड सापडला. तार सलग, बिनजोडाची घातली आणि मुख्य फळ्यावर आरसीसीबी बसवला. हे साधन जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते. त्यांत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडते. इथे फरक ८२० मिलिॲम्पिअरचा होता. ते आधी असते तर पहिल्याच पावसात घरात अंधार झाला असता, सगळे वैतागले असते, आणि आजींना तेल चोळावे लागले नसते. तुमच्या घराच्या फळ्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण आहे का पाहा. असेल तर मोठ्या माणसांना सांगून महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली पाहिजे.

वडिलांनी बिल पूर्ण भरले. तक्रार करण्यासारखे काही नव्हते. वीज खरोखरच खर्च झाली होती, मातीत का होईना. त्याच संध्याकाळी ते मागच्या खोलीत जाऊन आले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण ते कुटुंब अजून तिथेच राहते.

सप्टेंबरचे बिल ११५ युनिटांचे आले. मुलाला मात्र मोजायची खोडच लागली. एके रात्री, बटणे बंद पण फ्रिज सोडून बाकी पिना लावलेल्याच, अशा स्थितीत त्याला १ मिनिट ५२ सेकंदांनी एक ठिपका दिसला. ११२५ भागिले ११२, म्हणजे १० वॅट. टीव्हीजवळच्या सेट टॉप बॉक्सला आणि इंटरनेटच्या डबीला बटणच नव्हते, त्या भिंतीत थेट खोचलेल्या. महिन्याला सात युनिट. रात्री त्यांची पिन काढावी असे त्याचे मत पडले. धाकट्या बहिणीचे अर्थातच नाही.