एंजिनातील टायमिंग पट्टा

चारधावी अंतर्ज्वलन-एंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कासन ही चार कार्ये भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुरी होतात. तेवढ्या अवधीत प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरवावा लागतो. या दोन दंडांची सांगड घालणारा दुवा म्हणजे टायमिंग साखळी किंवा टायमिंग पट्टा होय. भुजादंडाच्या मिनिटास ३,००० फेऱ्या होत असता प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळा उघडते.

मुंबईत कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत साखळी होती. १९९८ साली पुण्याच्या कारखान्यातून पुढे आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल एंजिनात दातेरी पट्टा होता. पोलादी साखळी तेलात फिरते व सहसा दीर्घकाळ टिकते. परंतु तेल वेळेवर न बदलल्यास तिचे सांधे झिजतात, ती लांबते व खडखडू लागते. रबरी पट्टा हलका व शांत असतो. मात्र उष्णतेने, काळाने व गळत्या तेलाने तो जीर्ण होतो आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता तुटतो.

अनेक एंजिनांत, विशेषतः डिझेल एंजिनांत, दट्ट्या व झडप एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटताच कॅमदंड थांबतो, भुजादंड मात्र वेगाच्या भरात फिरत राहतो. उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्ये आदळून त्या वाकतात. एका पट्ट्यापायी सारे एंजिन उघडावे लागते.

पट्टा बदलण्याची मुदत बहुधा किलोमीटरांत मोजली जाते. पण पट्टा अंतर नव्हे, फेऱ्या मोजतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने, मिनिटास २,००० फेऱ्या धरल्या, तर एका किलोमीटरास २,००० फेऱ्या होतात. बंगळूरच्या आग्नेयेस जाणाऱ्या सर्जापूर रोडवरील गर्दीत मोटार ताशी १० किलोमीटरने सरकत असेल व एंजिन मिनिटास सरासरी १,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच किलोमीटरास ६,००० फेऱ्या लागतात. मापकावर अंतर तेच दिसते. पट्ट्याचे श्रम तिप्पट होतात.

यास्तव निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटर व वर्षे या मुदतींपैकी जी आधी संपेल ती पाळावी. गर्दीच्या वापरासाठी निराळी मुदत दिली असल्यास ती धरावी. पट्ट्याबरोबर ताण राखणारी कप्पीही तपासावी. चालते एंजिन अकस्मात बंद पडल्यास स्टार्टर पुनःपुन्हा मारू नये. प्रथम पट्टा पाहावा.